‘मेंदूला सूज’ येते म्हणजे नेमकं काय होतं?

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, आणि ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं. आम्ही नाशिककर तर द्राक्षांच्या गावचे, आम्हाला ते जरा जास्तच पटतं. उलट बाजूचं वाक्य तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेल : दारूने मेंदूला सूज येते. माझा अभ्यास या दुसऱ्या वाक्याच्या आसपासचा आहे, म्हणून आज त्याचीच झडती घेऊ.

पहिल्या वाक्याचा निकाल दोन ओळींत लागतो. १५० मिली वाईनमध्ये साधारण १५ ग्रॅम इथेनॉल असतं, व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६०. चार ग्लास म्हणजे एक क्वार्टर. रेणू तोच, मेंदू बाटलीवरचं लेबल वाचत नाही. (रेस्वेराट्रॉलचं म्हणाल, तर ते वाईनमध्ये लिटरमागे काही मिलिग्रॅम असतं. औषध म्हणून तपासताना शेकडो मिलिग्रॅम देतात.)

आता सूज. मराठीत ‘मेंदूला सूज’ म्हटलं की आपल्याला मेंदूज्वर आठवतो, ताप, झटके, आयसीयू. इथे तसलं काही नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, त्या तिथल्या पहारेकरी. त्यांच्या अंगावर टीएलआर-४ नावाचा ग्राहक-रेणू असतो. मुळात तो जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन ओळखण्यासाठी. तो चेतला की पेशी सायटोकाइन्स सोडतात, म्हणजे ‘काहीतरी बिघडलंय’ असे रासायनिक निरोप. दारू हे निरोप सुरू करते, असा दावा आहे. एक वाट आतड्यातून : दारूमुळे आतड्याचं अस्तर गळकं होतं, एंडोटॉक्सिन रक्तात जातं, यकृत चिडतं आणि तिथले निरोप मेंदूपर्यंत पोचतात. दुसरी वाट मेंदूतल्याच त्रासलेल्या पेशींकडून.

पुरावा काय? उत्तर कॅरोलायनातल्या फुल्टन क्रूज यांच्या गटाने २००८ मध्ये उंदरांना दहा दिवस रोज किलोमागे ५ ग्रॅम इथेनॉल दिलं, मग एंडोटॉक्सिन. सायटोकाइन्स वाढले, आणि रक्तातले ओसरल्यावरही मेंदूतले टिकून राहिले. ‘टिकून राहिले’ हा माझ्या मते त्या कामाचा खरा गाभा. त्याच वर्षी त्यांनी दारूचं व्यसन असलेल्या मृत माणसांच्या मेंदूत एमसीपी-१ हा निरोप-रेणू वाढलेला दाखवला. २०१० मध्ये व्हॅलेन्सियाच्या कॉन्सुएलो ग्वेरी यांच्या गटाने टीएलआर-४ चं जनुकच काढलेले उंदीर घेतले, त्यांना पाच महिने दारू पाजली, आणि मेंदूची हानी बरीचशी टळली.

कथा छान जुळते. मला खटकतं ते इथेच.

आधी डोस. किलोमागे ५ ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाला ३०० ग्रॅम, रोज पाच क्वार्टर! उंदीर दारू आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने पचवतो, त्यामुळे हा हिशेब जसाच्या तसा लावणं चूक. पण मग ‘एका पेगने मेंदू सुजतो’ हेही त्या प्रयोगातून निघत नाही. मृत माणसांच्या मेंदूचं म्हणाल, तर त्यात दारूसोबत सिगारेट, खराब यकृत, कुपोषण हे सगळं मिसळलेलं असतं.

मग जिवंत माणसात बघायचं. २०१७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी पेट स्कॅन केले, मायक्रोग्लिया चेतल्यावर वाढणारं टीएसपीओ हे प्रथिन मोजायला. व्यसनी रुग्णांत ते जास्त दिसायला हवं होतं. दिसलं कमी! बचाव असा, की टीएसपीओ इतर पेशींतही असतं, म्हणून ही मोजपट्टीच कच्ची. बचाव रास्त आहे. पण निकाल मनासारखा आला असता तर याच मोजपट्टीवर किती जणांनी शंका घेतली असती, सांगा?

२०१७ चाच तिसरा निबंध मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अनेक प्रयोगशाळांनी मिळून तपासलं, की टीएलआर-४ काढला किंवा औषधाने दाबला तर उंदीर-घुशी दारू कमी पितात का. जवळजवळ फरक नाही. म्हणजे हा रेणू दारूने होणाऱ्या नुकसानीत सामील असेलही, पण पिण्याची ओढ त्याच्यामुळे आहे असं म्हणता येत नाही. लोकप्रिय लेख या दोन गोष्टी सरसकट एक करतात, काही शास्त्रज्ञही प्रस्तावनेत करतात.

हा नुसता काथ्याकूट नाही. ज्या घरात माणूस पितो तिथे ‘याला लाज नाही’ एवढंच निदान असतं. ओढीमागे प्रतिकारशक्तीची बिघडलेली यंत्रणा असेल, तर औषध शोधायला जागा आहे. नसेल, तर त्या घराला खोटी आशा दाखवू नये.

औषधाचा एक प्रयत्न झालाय. आयब्युडिलास्ट, जपानमध्ये दम्यासाठी वापरतात. लॉस एंजेलिसच्या लारा रे यांच्या गटाने ५२ जणांना दोन आठवडे ते किंवा खोटी गोळी दिली, निकाल २०२१ चा. जास्त पिण्याच्या दिवसांची शक्यता ४५ टक्क्यांनी घटली. उदासी मात्र तशीच राहिली, आणि खरी आशा तिच्याबद्दलच होती. शिवाय हे औषध फक्त मायक्रोग्लियांना शांत करत नाही, फॉस्फोडायएस्टरेज ही विकरंही अडवतं. त्यामुळे ते ४५ टक्के नेमके कुणाच्या खात्यावर टाकायचे, हे त्या निबंधातून ठरत नाही.