गुण जुळले, पण मोजलं काय?

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात प्रेसमध्ये कामगाराचा हात सापडला आणि त्याला पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात आणलं. बऱ्याचदा त्याला आधी तपासतो तो शिकाऊ डॉक्टर. बोटांना स्पर्श कळतो का, नख दाबून सोडल्यावर रंग परत येतो का, बोटं वाकतात का, हे त्याला नीट तपासता यायला हवं. ते येतं की नाही हे ऑनलाइन ठरवता येईल का?

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्ष कामात करतो. संगणकावरची बहुपर्यायी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्या चांगल्या मोजते. तिसरीसाठी रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ‘ओस्की’ आणली. त्यात सगळ्यांना सारखीच स्टेशनं, ठरलेली वेळ आणि तपासयादी असते. कोविडमध्ये काही ठिकाणी ती व्हिडिओ कॉलवर घेतली गेली. रुग्णाशी बोलणं, आजाराची माहिती काढणं, समजावून सांगणं यासाठी ते चालतं. पोट तपासताना हाताचा दाब किती पडला, हे मात्र कॅमेऱ्याला कळत नाही.

आता संशोधनातली खरी मेख बघा. दोन परीक्षकांनी एकच व्हिडिओ पाहून सारखेच गुण दिले, तर आपण खूश होतो: विश्वसनीयता उत्तम! पण दाब दोघांनाही दिसलेला नाही. म्हणजे एकमत आहे, वैधता नाही.

लॉगबुकचंही तसंच. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि नोंदींचं महत्त्व वाढलं. ऑनलाइन लॉगबुकचा एक फायदा मान्य करायलाच हवा: प्रत्येक नोंदीची वेळ राहते, त्यामुळे वर्षाच्या शेवटी एका बैठकीत उरकलेल्या सह्या लपत नाहीत. तरीही ‘नोंद झाली’ म्हणजे ‘कौशल्य आलं’ असं धरणं चूकच. नेक्स्ट परीक्षेच्या २०२३ च्या नियमांतही पहिला टप्पा संगणकावर आणि दुसरा प्रात्यक्षिकाचा ठेवलाय, तो उगाच नाही.

या विषयावर काम करणार असाल, तर आराखड्यात तीन गोष्टी आधी लिहा. तुमची प्रणाली कुठली पायरी मोजते? स्क्रीनवर काय सुटतं? आणि त्याच विद्यार्थ्यांना खाटेशेजारी पाहिलं, तर गुण जुळतात का? तिसऱ्या प्रश्नाला कष्ट पडतात, म्हणून तो गाळू नका. त्या कामगाराचा हात त्याच उत्तरावर अवलंबून आहे.