ग्रंथपरीक्षण : ‘द लेव्हिटाउनर्स’ आणि नव्या वसाहतीच्या इतिहासाचीं साधनें

शहराच्या वेशीबाहेर नवी पेठ वसली म्हणजे तिच्या इतिहासाचीं साधनें कोणतीं मानावीं, हा प्रश्न कौलपत्रें आणि महजर चाळणाऱ्यांस अपरिचित नाहीं. हर्बर्ट गॅन्स यांचा ‘द लेव्हिटाउनर्स’ हा ग्रंथ १९६७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याची गणना समाजशास्त्रांत होते. परंतु तो एका गांवाच्या स्थापनेचा समकालीन वृत्तांत असल्यामुळें त्याची परीक्षा आमच्या कसोटीवरही होणें उचित आहे.

प्रथम स्थळ व काळ. दुसरें महायुद्ध १९४५ त संपल्यावर अमेरिकेंत घरांची मोठी टंचाई पडली. परतलेल्या सैनिकांस १९४४ च्या कायद्यानें कर्जाची हमी मिळाली होती, आणि मध्यवर्ती सरकारचें गृहखातें १९३४ पासून घरांवरील गहाणाचा विमा उतरवीत होतें. या दोन आधारांवर ‘लेव्हिट आणि सन्स’ या कंपनीनें न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडमधील बटाट्यांच्या शेतांत १९४७ ते १९५१ या अवधींत १७,४४७ घरें उठविलीं. दुसरी वसाहत पेन्सिल्व्हेनियांत १९५२ त निघाली. गॅन्स यांचा विषय तिसरी, म्हणजे फिलाडेल्फियापासून सुमारें १७ मैलांवर न्यू जर्सींतील विलिंगबरोच्या हद्दींत १९५८ त सुरू झालेली. खानेसुमारीप्रमाणें या हद्दींत १९५० त ८५२ माणसें होतीं. १९६० त ११,८६१ झालीं, आणि १९७० त ४३,३८६.

ग्रंथकारांनीं स्वतः तेथें घर घेतलें व १९५८ पासून सुमारें दोन वर्षें वस्ती केली. हा त्यांचा मोठा गुण होय. तत्पूर्वींचे टीकाकार या उपनगरांस एकसुरी व एकसाची ठरवून मोकळे झाले होते. लुइस ममफर्ड यांच्यासारख्या विद्वानानेंही १९६१ च्या आपल्या नगरेतिहासांत त्यांवर कठोर शेरे मारले आहेत. गॅन्स यांनीं शेजाऱ्यांच्या भेटी, शाळेच्या अंदाजपत्रकावरील तंटे, चर्चसंस्थांची स्थापना हें सर्व जवळून पाहिलें, आणि असा निष्कर्ष काढला कीं उपनगर माणसास फारसें बदलीत नाहीं. जे बदल होतात त्यांतील बहुतेक त्यानें येण्यापूर्वींच मनांत धरलेले असतात. आईबापांपासून दूर पडलेल्या स्त्रियांचा एकटेपणा आणि जाण्यास जागा नसलेल्या तरुण मुलांचा कंटाळा त्यांनीं लपविला नाहीं. एकाच रस्त्यावर तीन नमुन्यांचीं घरें मिसळण्याची कंपनीची नवी योजनाही त्यांनीं नीट नोंदली आहे. (प्रत्येक भागांतील रस्त्यांचीं नांवें त्या भागाच्या नांवाच्या आद्याक्षरानेंच सुरू होतात, स्थलनामांच्या अभ्यासकास ही सोय पुढें फार उपयोगी पडेल.)

आमचा आक्षेप साधनांच्या निवडीवर आहे. ग्रंथकारांच्या डाकेनें पाठविलेल्या प्रश्नावल्या घर विकत घेणाऱ्यांकडे गेल्या, मुलाखती रहिवाशांच्या झाल्या. परंतु १९५८ त कंपनीनें कृष्णवर्णीयांस घरें विकणार नाहीं असें जाहीर केलें होतें. न्यू जर्सीच्या कायद्यास हें मान्य नसल्यामुळें ज्यांस नाकारलें त्यांनीं दाद मागितली, आणि १९६० त राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर दार उघडलें. ही हकीकत ग्रंथांत आहे, व ती निःपक्षपातानें सांगितली आहे. तथापि समाधानाविषयींचे निष्कर्ष ज्या साक्षींवर उभे आहेत, त्या साक्षी आंत घेतल्या गेलेल्यांच्याच आहेत. इनामाच्या तंट्यांत एकाच पक्षाचे कागद पाहून निवाडा लिहावा, तसाच हा प्रकार होय. लाँग आयलंडच्या भाडेपट्ट्यांत तर घरकामाचे नोकर वगळतां गोऱ्यांखेरीज कोणास घर वापरूं न देण्याचें कलम स्पष्ट छापलेलें होतें. असा एक कागद या विषयांत शंभर मुलाखतींइतका बोलतो.

पुढील घडामोडींनीं हा मुद्दा अधिकच वर आणला. १९६० ते १९७० या दशकांत विलिंगबरोंतील गौरेतर वस्ती ६० वरून ५,००० च्या वर गेली. गोरे लोक भीतीनें घरें विकतील म्हणून नगरपालिकेनें १९७४ त घरांपुढें ‘विक्रीस आहे’ अशा पाट्या लावण्यास बंदी केली. १९७७ त अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ही बंदी भाषणस्वातंत्र्याविरुद्ध म्हणून एकमतानें रद्द केली. बंदीमागचा हेतु चांगला होता, हें न्यायालयानेंही नाकारलें नाहीं. १९६७ त छापलेल्या ग्रंथानें हें पुढचें सांगावें अशी अपेक्षा अर्थात् कोणी करणार नाहीं. पण गांवाचें खरें भांडण कोणत्या कागदांत होतें, हें मात्र यावरून कळतें. विक्रीचे करार, नाकारलेल्यांचे अर्ज, न्यायालयांतील कैफियती आणि नगरपालिकेचीं इतिवृत्तें यांचा एक खंड निघाल्यास गॅन्स यांचा ग्रंथ त्याच्या शेजारीं ठेवून वाचतां येईल, आणि तेव्हांच त्याची खरी किंमत ठरेल.

संग्राहकांसाठीं एक सूचना. ही हद्द १६८८ पासूनची जुनी. तिचें नांव १९५९ त ‘लेव्हिटाउन’ झालें, आणि १९६३ त रहिवाशांनींच मतदानानें ‘विलिंगबरो’ हें पूर्वीचें नांव परत आणलें. म्हणजे ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील नांव तो छापला गेला तेव्हां चार वर्षें नकाशांतून गेलेलें होतें. लेव्हिटाउन नांवाचा न्यू जर्सींतील नकाशा किंवा पत्रव्यवहार हातीं आल्यास त्याचा काळ यावरून बराच अचूक बांधतां येईल. मात्र लाँग आयलंड व पेन्सिल्व्हेनिया येथील त्याच नांवाच्या वसाहतींशीं घोटाळा होऊं देऊं नये.