मातीतले आणि मॅटवरचे : कबड्डीतील थोरवीच्या तुलनेची समीक्षा

महाड व पोलादपूर तालुक्यांत भाताची कापणी-झोडणी उरकली की गावोगावी कबड्डीच्या सामन्यांचे फलक लागू लागतात. रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात आणि मैदानाच्या कडेला त्याहून जुना एक सामना सुरू होतो. साठी ओलांडलेला प्रेक्षक म्हणतो, ‘आमच्या वेळचे गडी मातीत अनवाणी खेळले, आजच्यांना ते झेपणार नाही.’ शेजारचा तरुण दूरचित्रवाणीवर पाहिलेले गुण सांगतो आणि विचारतो, ‘तुमच्या गड्याचे गुण किती होते?’ म्हाताऱ्याजवळ या प्रश्नाचे उत्तर नसते. उत्तर नाही म्हणून तो वादात हरतो. हा पराभव न्याय्य आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भिन्न कालखंडांतील खेळाडूंची तुलना करताना दोन दोष वारंवार आढळतात. पहिला स्मरणरंजनाचा. त्यात आठवणीतील खेळाडू वर्षागणिक उंच होत जातो. दुसरा संख्यापूजेचा. त्यात ज्याची नोंद आहे तेवढेच घडले, असे मानले जाते. दोन्ही दोषांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. खेळ तोच राहिला, फक्त खेळाडू बदलले, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. कबड्डीच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही.

नियम बदलतो तेव्हा प्रश्न बदलतो

संजीवनी, गामिनी आणि अमर हे कबड्डीचे तीन जुने प्रकार सर्वपरिचित आहेत. गामिनीत बाद झालेला गडी परत येत नसे. सातही गडी बाद होईपर्यंत डाव चाले. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला गडी जिवंत होतो. अमर प्रकारात बाद गडी मैदानातच राहतो आणि केवळ गुण मोजला जातो. या तिन्ही प्रकारांत एकाच चढाईपटूची किंमत वेगवेगळी ठरते. गामिनीत त्याची एक चूक संघाला संपूर्ण डावभर भोवते. म्हणून तेथे सावधपणा हा गुण आहे. संजीवनीत तोच गडी पुढच्याच मिनिटाला परतू शकतो. म्हणून तेथे धाडसाला अधिक मोल येते. गामिनीतील सावध गड्याला भित्रा म्हणणे किंवा संजीवनीतील धाडसी गड्याला बेजबाबदार म्हणणे म्हणजे एका परीक्षेची उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेने तपासणे होय.

2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने हा प्रश्न पुन्हा बदलला. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे भाग पडले. अन्यथा चढाईपटू बाद. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीला एक जादा गुण मिळू लागला. मातीच्या जागी मॅट आले आणि अनवाणी पायांत बूट आले. पूर्वी चढाईचे घड्याळ चढाईपटूच्या छातीत असे. दम हाच त्याचा वेळ होता. आता ते घड्याळ मैदानाबाहेर, सर्वांना दिसेल असे लागले. मातीवर पाय रोवण्याची आणि घसरण सावरण्याची विद्या लागे. मॅटवर वळण्याची गती वाढली, पण ती गती बचावपटूलाही तितकीच मिळाली.

एकाच चढाईचे मोल दोन नियमांत कसे बदलते, याचा पुरावा हवा असल्यास 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊ येथे झालेला आशियाई क्रीडा स्पर्धेचा पुरुष अंतिम सामना पाहावा. भारत व इराण 28-28 असे बरोबरीत असताना पवन सेहरावतच्या चढाईत खेळाडू राखीव क्षेत्रात गेले आणि जुना नियम लावायचा की नवा, यावर पंचांचा निर्णय वारंवार फिरला. सामना दीर्घकाळ थांबला. अखेर भारत 33-29 असा विजयी झाला. चढाई एक, चढाईपटू एक, क्षणही एक. तरी गुण किती हे नियमपुस्तिकेवर अवलंबून होते. एका चढाईची ही गत असेल, तर चाळीस वर्षांच्या अंतरावरील दोन कारकिर्दींचे गुण एका तराजूत घालताना किती सावध असावे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

बास्केटबॉलमधील एक दाखला

ही अडचण केवळ आपल्या खेळाची नाही. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये 22 नोव्हेंबर 1950 रोजीचा एक सामना 19-18 असा संपला. चेंडू हाती ठेवून वेळ काढण्यास तेव्हा बंदी नव्हती. पराभूत संघाच्या 18 गुणांपैकी 15 गुण एकट्या जॉर्ज मायकनचे होते. 1954 मध्ये चोवीस सेकंदांत फेक करण्याचा नियम आला आणि खेळ धावू लागला. पुढे 2 मार्च 1962 रोजी विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात 100 गुण केले; त्याच्या संघाचे एकूण गुण 169 होते. नुसत्या आकड्यांनी पाहिले तर 100 पुढे 15 नगण्य ठरतात. संघाच्या धावफलकातील वाटा पाहिला तर मायकनने पाचांतील चारांहून अधिक गुण एकट्याने उचलले होते. 1979 मध्ये तीन गुणांची रेषा आल्यावर दूरवरून फेकणाऱ्यांचे मोल वाढले. म्हणजे आकडा खोटा नसतो. तो आपल्या काळाचा असतो.

दोन शैली, एक निकष

हा विचार कबड्डीला लावून पाहू. अनुप कुमार आणि परदीप नरवाल हे एकाच लीगमध्ये खेळले, तरी त्यांच्या शैली दोन टोकांच्या आहेत. अनुप कुमारची चढाई संयमाची होती : बोनस रेषेवर पाय टेकवावा, बचावाची साखळी हलते कोठे ते पाहावे आणि धोका न पत्करता परतावे. त्याच्या नेतृत्वाखाली भारताने 2016 साली अहमदाबाद येथे इराणला 38-29 असे हरवून विश्वचषक जिंकला. परदीप नरवालने साखळीखालून निसटणारी ‘डुबकी’ हे आपले शस्त्र केले. 2017 च्या हंगामात त्याने चढाईचे 369 गुण मिळवले. त्यांपैकी 34 हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या एकाच सामन्यातील होते. केवळ बेरजेने पाहिले तर निकाल लागलेलाच आहे. परंतु अनुप कुमारचे काम सामन्याचा वेग ठरवण्याचे होते आणि रिकामी चढाई हा त्या कामाचा भाग होता. तिसऱ्या चढाईच्या सक्तीने याच संयमावर कर बसवला. तरीही त्याची शैली टिकली, ही त्याची थोरवी. परदीपची थोरवी अशी की, त्याने संपूर्ण बचावाला साखळीची उंची नव्याने ठरवायला लावली.

येथून तीन निकष हाती येतात. त्या काळच्या नियमांनी खेळाडूपुढे कोणता प्रश्न ठेवला होता? प्रतिपक्ष किती समर्थ होता? त्याच्यानंतर खेळ पूर्वीसारखा राहिला काय? या निकषांवर 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्या संघातील अशोक शिंदे व राजू भावसार यांचा विचार आजच्या खेळाडूंच्या शेजारी करता येतो, कारण येथे गुणांची बेरीज नव्हे, तर उत्तराची प्रत तपासली जाते. इराणच्या फजल अत्राचलीसारख्या डाव्या कोपरारक्षकालाही न्याय मिळतो. चढाईच्या गुणांच्या यादीत त्याला जागाच नसते. महिला खेळाडूंच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. पुरुषांची कबड्डी आशियाई स्पर्धेत 1990 मध्ये आली, महिलांची 2010 मध्ये. अभिलाषा म्हात्रे ही 2012 च्या विश्वविजेत्या संघातील खेळाडू, 2015 ची अर्जुन पुरस्कार विजेती. पण लीगच्या गुणतक्त्यावरून सार्वकालिक यादी करणाऱ्याला तिचे नाव सापडणारच नाही.

नोंद नसलेल्यांचे काय?

या निकषांना एक मर्यादा आहे आणि ती आमच्या भागाला थेट भिडते. उत्तराची प्रत तपासायची तर उत्तरपत्रिका हाती हवी. महाड-पोलादपूरच्या डोंगरकपारीतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. लालबाग, परळ, नायगावच्या मैदानांवर कबड्डी वाढली ती अशाच कोकणातल्या कामगारांच्या जिवावर. शिमग्याला गावी आलेला चाकरमानी तेथले डावपेच घेऊन येई आणि गावची पोरे ते उचलत. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या, तसे हे येणेजाणेही आटले. त्या खेळाडूंच्या गुणपत्रिका सामना संपला की रद्दीत जात. ज्या घरांत जुनी छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे जपली होती, त्यांपैकी महाड शहरातील कित्येक घरांत जुलै 2021 च्या महापुराचे पाणी शिरले. आता जे उरले आहे ते माणसांच्या आठवणीत आहे आणि ती माणसे सत्तरीच्या पुढे आहेत.

म्हणून मैदानाच्या कडेला हरलेल्या त्या वृद्धाकडे पुन्हा वळावे लागते. त्याचा गडी आजच्या गड्याहून श्रेष्ठ होता, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. आठवण ही साक्ष आहे, निवाडा नव्हे. तिची उलटतपासणी व्हायलाच हवी. परंतु नोंद नसणे हा खेळाडूचा दोष नसून नोंद न करणाऱ्यांचा आहे. ‘तुमच्या गड्याचे गुण किती?’ या प्रश्नाऐवजी ‘तो कोणत्या बाजूने चढाई करी, कोणती पकड त्याला सुटत नसे, त्याच्याविरुद्ध बचाव कसा उभा राहत असे?’ असे विचारले तर म्हातारा तासभर बोलतो आणि त्यातून तुलनेला लागणारी सामग्री निघते.

हे विचारण्याचे काम आपल्या महाविद्यालयांचे आहे. शारीरिक शिक्षण, इतिहास आणि मराठी या तीन विभागांनी मिळून दोन्ही तालुक्यांतील जुन्या खेळाडूंच्या, विशेषतः महिला खेळाडूंच्या, मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. आजच्या स्थानिक स्पर्धांच्या गुणपत्रिका जतन कराव्यात. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक वही, एक भ्रमणध्वनी आणि ऐकण्याची तयारी पुरते. श्रेष्ठ कोण हा वाद त्यानेही मिटणार नाही, आणि मिटूही नये. मात्र तो वाद दोन्ही पक्षांना बोलता येईल अशा मैदानावर होईल. आज एका पक्षाचा दम नोंदीअभावी मध्यरेषेपूर्वीच तुटतो आहे.