बोफोरचा डोंगर आणि घरी राहिलेली माणसे

‘बोफोर’ हा योसेफ सीडर यांचा हिब्रू चित्रपट २००७ साली निघाला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल मिळाले आणि पुढे ऑस्करच्या नामांकनातही तो आला. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी तो तेव्हाच पाहिला असेल. २०२४ च्या ऑक्टोबरात आपले सैन्य पुन्हा लेबनॉनमध्ये शिरले, तेव्हापासून घरोघरी त्याची आठवण निघू लागली. नातवंडे विचारतात, “सफ्ता, २००० साली आपण तिथून निघालो तेव्हा लोक काय म्हणत होते?” चित्रपट पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हीच माझी मुख्य तक्रार आहे. परंतु आधी त्यातले चांगले सांगते.

बोफोर हा दक्षिण लेबनॉनमधला, लिटानी नदीच्या वर उंच कड्यावर बसलेला क्रुसेडरांचा जुना किल्ला. कुलाबा जिल्ह्यात वाढलेल्या आपल्या माणसांना किल्ला ही वस्तू नवीन नाही. मात्र आपण ते पडके बुरूज सहलीला जाऊन पाहिले, आणि ह्या किल्ल्याशेजारी आपल्या मुलांनी अठरा वर्षे पहारा केला. ६ जून १९८२ रोजी, युद्धाच्या पहिल्याच रात्री, गोलानीच्या जवानांनी तो घेतला. त्यात सहाजण पडले. हल्ला पुढे ढकलण्याचा हुकूम सुटला होता, पण तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, हे मागाहून कळले. १९८५ मध्ये सैन्य मागे आले ते सरहद्दीपर्यंत नाही. मध्ये एक ‘सुरक्षा पट्टा’ ठेवला गेला आणि त्या पट्ट्यात पुढची पंधरा वर्षे अडीचशेंहून अधिक जवान शत्रूच्या हातून मेले.

चित्रपटात या ठाण्याचे शेवटचे दिवस आहेत. निघायचे ठरलेले आहे, तारीख मात्र कोणी सांगत नाही. बावीस वर्षांचा लिराझ हा त्यांचा कमांडर (ओश्री कोहेन यांचे काम उत्तम). सिमेंटच्या अरुंद बोळांतून मुले वाकून चालतात, ध्वनिक्षेपकावरून तोफगोळ्याची सूचना येते, आणि गोळा पडून गेला की पुन्हा कोणीतरी चहा करू लागतो. शत्रू एकदाही दिसत नाही. हे सर्व फार खरे वाटते. उत्तरेतल्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात मी त्या वर्षांत रात्रपाळ्या केल्या आहेत. तिथे येणारी मुले शत्रूबद्दल बोलत नसत, ती बोळाबद्दल आणि झोपेबद्दल बोलत. म्हणून चित्रपटातला कोरिस हा होवेश मला सर्वांत जवळचा वाटला. जखमा बांधणाऱ्यालाच पहिल्यांदा विचारावेसे वाटते, की हे कशासाठी? लिराझशी त्याचे खटके उडतात, आणि दोघांचेही पटते, ही दिग्दर्शकाची कमाई आहे.

(वायरलेसवर जखमींना ‘फुले’ आणि मेलेल्यांना ‘कण्हेर’ म्हणत. मराठी माणसाला कण्हेरीचे विष सांगावे लागत नाही.)

आता तक्रार. स्फोटके निकामी करायला आलेला झिव आरंभीच मरतो. मग ठाण्यातली मुले दूरदर्शनवर त्याच्या वडिलांची मुलाखत पाहतात. वडील दोष स्वतःकडे घेतात: मुलाला जीव जपायला आपणच शिकवले नाही म्हणतात. प्रसंग हृदयाला चटका लावतो. पण थोडे थांबून विचार केला की खटकते. संपूर्ण चित्रपटात घरी राहिलेल्या जनतेचा आवाज येतो तो बहुतेक एवढाच, आणि तोही स्वतःला कोसणारा! ज्यांनी पाठवले ते मंत्री, ते सेनापती कुठेच नाहीत. माघारीचा हुकूम पाऊस यावा तसा वरून येतो.

तो तसा आला नव्हता. ४ फेब्रुवारी १९९७ च्या रात्री जवानांना लेबनॉनमध्ये नेणारी दोन हेलिकॉप्टरे शआर याशुवजवळ हवेत एकमेकांवर आदळली आणि ७३ जण गेले. त्यानंतर उत्तरेकडच्या काही बायकांनी, ज्यांची मुले त्या पट्ट्यात होती, चळवळ सुरू केली. नाव ठेवले ‘अर्बा इमाहोत’, चार माता. सारा, रिव्का, राहेल, लेआ ही नावे आपल्याला पेसाहच्या रात्रीपासून पाठ. त्या चौकाचौकांत फलक घेऊन उभ्या राहिल्या. आरंभी लोकांनी शिव्या दिल्या. ‘चार माता’ नव्हेत, ‘चार चिंध्या’ अशीही हेटाळणी झाली. युद्धातले बायकांना काय कळते, हा प्रश्न तर ठरलेलाच. पण दोन वर्षांत देशाचे मन फिरले, १९९९ च्या निवडणुकीत एहूद बराक यांनी वर्षभरात मुले घरी आणण्याचे वचन दिले आणि ते निवडून आले. एवढी मोठी गोष्ट घडली ती ठाण्याच्या भिंतीबाहेर. चित्रपटाला भिंतीच्या आतच राहायचे होते असे कोणी म्हणेल. मान्य. पण मग दूरदर्शनचा संच आत आणलाच होता, तर त्यावर एखादी आई दिसायला काय हरकत होती?

चित्रपट निघाला तेव्हा वर्तमानपत्रांत भांडण झाले ते भलत्याच गोष्टीवर. काही नटांनी लष्करी सेवा केलेली नाही, त्यांना जवानाचे काम का दिले, असे काही मृतांच्या घरच्यांनी विचारले. त्यांचे दुःख मी समजते. पण नट हा नट. त्या भांडणात खरा प्रश्न मागे पडला.

शेवटी ठाणे सुरुंगाने उडवतात, आणि मुले सरहद्द ओलांडून येतात. तिथे चित्रपट थांबतो. २४ मे २००० च्या पहाटे प्रत्यक्षात शेवटचे वाहन आत आले आणि फाटक लावून घेतले गेले तेव्हा बेनी गांत्झ तिथे अधिकारी होते. माघारीत एकही इस्राएली जवान मेला नाही. देशाने सुटकेचा निःश्वास टाकला, आयांचे फोन खणखणले, आणि मग? मग काही नाही. त्या पंधरा वर्षांना धड नावही नव्हते. पलीकडे लेबनॉनमध्ये लोक नाचत होते, खियामचा तुरुंग उघडला होता, २५ मे हा त्यांचा मुक्तिदिन झाला. आपल्याकडे ना विजय म्हणता येत होता, ना पराभव म्हणायची कोणाची तयारी, म्हणून गप्प बसणे सोयीचे पडले.

आणि फाटकाशी आणखी कोणी उभे होते. आपल्या बाजूने लढलेली त्सादाल, दक्षिण लेबनॉनची सेना, दोन दिवसांत कोसळली. सहा-सात हजार माणसे, बायकामुलांसह, हाती लागेल ते घेऊन इस्राएलमध्ये आली. ह्या माणसांनी काय केले होते, खियाममध्ये कोणाचे किती हाल झाले, हा वेगळा विषय आहे आणि तो सोपा नाही. परंतु त्या आनंदात त्यांच्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. बोचके घेऊन नव्या देशात उतरणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगायला नको. फरक इतकाच की आपण स्वखुशीने आलो आणि आपल्याला बोलावले होते. चित्रपटात लेबनॉनी माणूस जवळजवळ नाहीच, तेव्हा हीही नाहीत.

२००६ चे युद्ध झाले तेव्हा पुष्कळांनी बोट त्या आयांकडे दाखवले: तुम्ही पळायला लावलेत म्हणून हे झाले. मला हे पटत नाही. तिथे राहून रॉकेटे थांबली होती काय? किर्यात श्मोनाच्या लोकांना विचारा. १९९६ सालीही ते तळघरांतच बसले होते.

ज्यांना इंग्रजी किंवा हिब्रू वाचता येते त्यांनी मत्ती फ्रीडमन यांचे २०१६ सालचे ‘पम्पकिनफ्लॉवर्स’ जरूर वाचावे. ते स्वतः ‘दलाअत’ म्हणजे भोपळा नावाच्या ठाण्यावर होते आणि पुढे २००२ मध्ये कॅनडाच्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून लेबनॉनमध्ये जाऊन आले. चित्रपटात नसलेल्या चार माता त्यात आहेत. लष्कराने त्या पंधरा वर्षांना मोहिमेचे नाव आणि छातीवर लावायची फीत दिली ती माघारीनंतर वीस वर्षांनी. तोवर त्या मुलांपैकी कित्येकांची मुले भरतीच्या वयाला आली होती.