वर्गातल्या पडद्याचे परीक्षण

नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, चित्रपटाचे तर दर आठवड्याला होते. वर्गात भिंतीवर जो पडदा आला आहे, त्यावर दाखवल्या जाणाऱ्या पाठांचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. पडदा बसला, नारळ फुटला, शाळा 'डिजिटल' झाल्याची नोंद झाली की विषय संपतो. पडद्यावर जे दिसते ते खरे आहे का, आणि ते पाहिल्यावर मुलांना आधी येत नव्हते असे काय येऊ लागले, हे दोन प्रश्न विचारायचे राहून जातात.

ते येथे विचारू. विषय घेऊ सूर्य, सावली आणि ऋतू यांचा. कारण हा पाठ पडद्यावर फार देखणा दिसतो आणि त्याची पडताळणी शाळेच्या मैदानावर विनाखर्च करता येते. ठिकाण घेऊ कोपरगाव. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तर भागात गोदावरीकाठी वसलेले हे गाव सुमारे १९.८८ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४.४८ अंश पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे पुढे उपयोगी पडतील.

थांबवता न येणारा पाठ

वर्गात तंत्रज्ञान आजच आले असे नाही. पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' ही संस्था सुरू झाली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून घरोघरी आणि शाळांत पोहोचले. त्या पिढीतल्या अनेकांच्या कानात त्याची धून अजून आहे. २०१७ साली ही संस्था बंद झाली. तिच्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. खेड्यातल्या वर्गात आणता येत नाहीत अशा कितीतरी गोष्टी तिने चित्ररूपाने आणल्या. परंतु प्रक्षेपणाला एक अंगभूत मर्यादा होती. कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू होई आणि ठरल्या वेळी संपे. मध्येच एखाद्या मुलीने "बाई, असं का?" असे विचारले, तरी दूरदर्शन तिच्यासाठी थांबत नसे. त्यामुळे प्रश्नही कार्यक्रमानेच विचारायचा आणि पुढच्याच वाक्यात उत्तरही त्यानेच द्यायचे, अशी रीत पडली.

पुढे साधने बदलली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला आणि त्या काळात अनेक जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब घेतले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. २०१८ साली बालभारतीचे दहावीचे नवे पुस्तक आले, तेव्हा त्यात 'दीक्षा' ॲपवरील साहित्याकडे नेणारे कोड छापलेले होते.

या साधनांत आणि जुन्या दूरदर्शन संचात खरा फरक कोणता? पडदा मोठा झाला, रंग उजळले, हा फरक वरवरचा. खरा फरक असा, की आता पाठ थांबवता येतो, मागे नेता येतो आणि प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे बदलता येतो. बालचित्रवाणीच्या लेखकांना जे कधीच मिळाले नाही ते आपल्या हातात आहे. असे असताना आपल्या बहुतेक चित्रफिती अजून प्रक्षेपणासारख्याच रचलेल्या असतात, आणि आपण त्या प्रक्षेपणासारख्याच, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दाखवतो. माझा मुख्य आक्षेप हा आहे.

तीन ठिकाणी थांबून पाहू

सूर्य आणि ऋतू यांवरच्या चित्रफितींत, आणि चित्रांतही, नेहमी आढळणाऱ्या तीन गोष्टी तपासू.

पहिली गोष्ट पृथ्वीच्या कक्षेची. पडद्यावर ती चांगली लांबट, अंड्यासारखी दिसते. मुलांच्या मनात लगेच पक्के बसते, की पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा आणि दूर गेली की हिवाळा. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते (सुमारे १४.७ कोटी किलोमीटर) आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला (सुमारे १५.२ कोटी किलोमीटर). जानेवारीत कोपरगावकर शेकोटीशी बसलेले असतात! कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे खरे, पण किती? तिचा मोठा व्यास एक मीटर धरून फळ्यावर कक्षा काढली, तर लहान व्यास फक्त ०.१४ मिलिमीटरने कमी भरेल. खडूची रेघ त्याहून कितीतरी जाड असते. पडद्यावरची लांबट कक्षा ही तिरकस कोनातून पाहिलेली जवळजवळ वर्तुळाकार कक्षा असते. परंतु आपण तिरके पाहत आहोत, हे चित्रफीत सहसा सांगत नाही.

दुसरी गोष्ट, "दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो" हे वाक्य. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. कोपरगाव त्याच्या सुमारे ८ अंश पश्चिमेला आहे आणि एका अंशाला ४ मिनिटे लागतात. म्हणजे कोपरगावचा मध्यान्ह सरासरीने ३२ मिनिटे उशिरा होतो. पृथ्वीच्या गतीमुळे आणि तिच्या कललेल्या आसामुळे त्यात आणखी फरक पडतो. नोव्हेंबरच्या आरंभी कोपरगावात मध्यान्ह १२ वाजून १६ मिनिटांच्या सुमारास होतो, तर फेब्रुवारीच्या मध्याजवळ १२ वाजून ४६ मिनिटांच्या सुमारास. बरोबर बारा वाजता तो वर्षात एकदाही होत नाही.

तिसरी गोष्ट, "मध्यान्ही सावली उत्तरेला पडते". कोपरगावात वर्षाचा बराच काळ हे खरे आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास एक मीटर उंचीच्या काठीची मध्यान्हीची सावली उत्तरेला ९४ सेंटिमीटर पडते, २१ मार्चला ती ३६ सेंटिमीटर असते आणि १९-२० मेच्या सुमारास काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर २३-२४ जुलैपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला ती जेमतेम ६ सेंटिमीटर असते, पण असते दक्षिणेलाच. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा ढगांनी वाट दिली, तर पहिल्याच आठवड्यात हे दिसू शकते. चित्रफीत मात्र साऱ्या जगासाठी एकच असल्याने ती बहुधा कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या प्रदेशाचे चित्र दाखवते. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. मूल पडद्यावरचे खरे मानते आणि अंगणातले पाहतच नाही. ही हानी लहान नाही. विज्ञानाच्या तासाला मुलाने स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडणे, यापरते वाईट काय असेल?

यंत्राने शिकणे वाढते का?

या प्रश्नावर जगात बरेच काम झाले आहे. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या मोहिमेचा भारतातला एक आरंभीचा प्रयोग २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत झाला होता. याच मोहिमेखाली पेरू देशात फार मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले गेले. तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या हाती यंत्रे भरपूर आली होती, पण गणित आणि भाषा यांच्या चाचण्यांत सुधारणा आढळली नाही.

याउलट, दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतर चालणाऱ्या केंद्रांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तिथे संगणक आधी प्रत्येक मुलाची पातळी तपासत असे आणि तिथूनच पुढचे प्रश्न देत असे; जोडीला लहान गटात शिकवणारा शिक्षकही होता. साडेचार महिन्यांत ही मुले गणितात आणि हिंदीत इतरांच्या स्पष्टपणे पुढे गेली.

दोन्हीकडे यंत्रे होती. फरक असा, की पेरूत यंत्र दिले गेले आणि दिल्लीत त्या यंत्राचे काम ठरवले गेले. मूल कुठे अडले आहे हे पाहून थांबणे, हे ते काम होते. उलट बाजूचेही उदाहरण आपल्याकडे आहे. जुलै २०२० मध्ये, शाळा बंद असताना, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. ते प्रक्षेपणच होते, थांबवता न येणारे. तरी घरातल्या वस्तू घेऊन घरातल्या माणसांबरोबर करून पाहण्यावर तिचा भर होता. साधन जुने असले तरी पाठाची रचना मुलाला हलवू शकते, हे त्यातून दिसते.

उसाच्या हंगामातले मूल

कोपरगाव तालुक्यात हा प्रश्न आणखी एका कारणाने टोकदार होतो. गोदावरीच्या कालव्यांवर इथे ऊस वाढला. कोळपेवाडी आणि सहजानंदनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दिवाळीच्या मागेपुढे हंगाम सुरू होतो आणि ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाडासह येतात. त्यांच्याबरोबर मुलेही येतात. ती मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत राहतात आणि पुन्हा गावी जातात. अशा मुलाचे वर्ष दोन शाळांत वाटले जाते, आणि मधले दिवस कोणत्याच शाळेत जात नाहीत.

क्यूआर कोडचा या मुलाला खरा फायदा होऊ शकतो, हे मान्य केले पाहिजे. गावच्या शाळेतले पुस्तक आणि इथले पुस्तक एकच आहे; कोडमागचा पाठही एकच. सुटलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय फळ्याने कधी दिली नव्हती. पण कोड वाचायला फोन लागतो आणि फोन बापाच्या खिशात, पहाटेच फडावर गेलेला असतो. 'असर' या देशव्यापी पाहणीच्या २०२१ च्या अहवालानुसार, शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ साली हे प्रमाण ३६.५ टक्के होते. मात्र घरी फोन असलेल्या मुलांपैकी सुमारे २६ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. घरात फोन आहे, एवढ्यावरून तो मुलाच्या हाती येतो असे धरून चालणे म्हणूनच चुकीचे आहे.

म्हणून शाळेतला टॅब आधी कोणाला द्यायचा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. चाळीस मुलांना एकदम चित्रफीत दाखवली, तर मागे पडलेले मूल चाळिसांतच हरवते. तोच टॅब अर्धा तास त्या एका मुलाला दिला, सुटलेला पाठ उघडून दिला आणि गुरुजींनी मध्ये दोनदा येऊन "काय कळलं, सांग बरं" असे विचारले, तर लोकवर्गणीच्या रुपयाचे चीज झाले. पडद्यावरचा खर्च हा मागे पडलेल्यासाठी असावा, उद्घाटनाच्या छायाचित्रासाठी नसावा.

एक करून पाहण्याजोगा पाठ

नुसते दोष दाखवून थांबणे बरे नव्हे. वरच्याच विषयावर एक पाठ सुचवतो. २२ डिसेंबरच्या आसपासचा कोणताही निरभ्र दिवस निवडा; त्या सुमारास सावलीची लांबी रोज फारशी बदलत नाही. चित्रफीत सुरू करा आणि काठी दिसताच थांबवा. "आपल्या मैदानावर अशी काठी रोवली तर सर्वांत आखूड सावली किती वाजता पडेल, किती लांब असेल, कोणत्या दिशेला असेल?" मुलांचे अंदाज फळ्यावर लिहा. बरोबर-चूक काही सांगू नका. मग बाहेर चला. एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा आणि १२ पासून १ पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. वर्गात परतल्यावर 'स्टेलेरियम' हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर उघडून त्यात कोपरगावचे अक्षांश-रेखांश घाला आणि आपल्या मोजणीशी ताडून पाहा. पडदा आता मुलांच्या मोजमापांचा साक्षीदार होतो.

एक पाऊल पुढे जाऊ. कोल्हापूर जवळजवळ कोपरगावच्या सरळ दक्षिणेला आहे; उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३५० किलोमीटर. तिथल्या एखाद्या शाळेला फोन करून त्याच दिवशी तशीच काठी लावायला सांगा. तिथली सावली ८४ सेंटिमीटरच्या जवळपास येईल. दोन्ही त्रिकोण प्रमाणात कागदावर काढून कोनमापकाने सूर्यकिरणांचे कोन मोजा. फरक सव्वातीन अंशांच्या आसपास यावा. सव्वातीन अंशांना ३५० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? पृथ्वीचा परीघ वर्गात निघतो. सावली मोजताना एक सेंटिमीटर चुकले तर उत्तर जवळपास एक दशांशाने चुकेल. त्या चुकीची चर्चा हा पाठाचाच भाग समजावा.

एरॅटोस्थेनिसने हे बावीसशे वर्षांपूर्वी केले, तेव्हा त्याच्याजवळ फोन नव्हता. आपल्या मुलांजवळ दुसऱ्या शाळेतल्या मुलांशी त्याच क्षणी बोलण्याची सोय आहे. हे काम खडू-फळ्याने झाले नसते आणि बालचित्रवाणीनेही झाले नसते. नव्या साधनाची खरी परीक्षा अशाच कामात होते.

पुढच्या वेळी कोणी विक्रेता किंवा अधिकारी नवे साहित्य घेऊन शाळेत आले, तर शिक्षकांनी तीन गोष्टी जरूर पाहाव्यात. पाठ मुलाच्या उत्तरासाठी कुठे थांबतो का? त्यातली विधाने आपल्या गावच्या आकाशाला, मातीला, ऋतूला लागू पडतात का? आणि सर्वांत मागे असलेल्या मुलाला त्याचा उपयोग करता येईल का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर ते पैसे भिंगे, मोजपट्ट्या आणि पुस्तके यांवर खर्च करावेत. डिसेंबरमधल्या सावल्यांच्या नोंदी, गावाचे नाव आणि वेळ यांसह, आमच्याकडे अवश्य पाठवाव्यात. वेगवेगळ्या अक्षांशांवरच्या शाळांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील.