'गोलपिठा'च्या शेजारचं पुस्तक

दलित पँथरचा विषय निघाला की अमेरिका येतेच. १९६६ला ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर, १९७२ला मुंबईत दलित पँथर. नाव तिथून आलं हे खरंच. पण नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा'ही १९७२चाच, आणि त्यातली भाषा कुठूनही उसनी आणता येण्यासारखी नाही. ती कामाठीपुऱ्याची आहे. नेरळहून लोकलने भायखळ्याला उतरलं की तो इलाखा चालत जाण्याच्या अंतरावर. तरी त्यातले कित्येक शब्द मला विचारून घ्यावे लागले. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनीही ते कवीलाच विचारले होते, आणि तसं लिहूनही टाकलं. मराठी समीक्षेत इतका प्रामाणिकपणा क्वचितच दिसतो.

माझी अडचण पुढची आहे. 'गोलपिठा'तल्या वेश्यांविषयीच्या कळवळ्यावर भरभरून बोलणारे मल्लिका अमर शेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'पाशी आले की आवाज खाली आणतात. शाहिराची मुलगी, स्वतः कवयित्री, ढसाळांची पत्नी. पण आत्मकथन मात्र 'घरगुती'! कविता तेवढी क्रांती आणि संसाराचा हिशेब मांडला की तक्रार, हे कुठलं माप? अमेरिकेतही साठच्या दशकातल्या चळवळींतल्या बायकांनी हेच विचारलं होतं: सभेत समता बोलणाऱ्यांचा चहा कोण करतं?

दोन्ही पुस्तकं मी लागोपाठ वाचली. ढसाळांच्या ओळींची ताकद जराही कमी वाटली नाही. मल्लिकाबाईंच्या गद्याची मात्र कुणी सांगितली होती त्याहून पुष्कळ जास्त वाटली.