कार्लग्रेन यांचे समुद्रपुष्प-वर्गीकरण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
समुद्रपुष्प म्हणजेच सी ॲनिमोन हा नावाने फूल, परंतु प्रत्यक्षात प्रवाळांचा आप्त असलेला मृदुकाय प्राणी होय. त्याला कवच वा सांगाडा नसतो. जतन केलेला नमुना आक्रसतो व रंग गमावतो. त्यामुळे केवळ बाह्यरूपावरून त्याचे वर्गीकरण करता येत नाही. स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ ओस्कर कार्लग्रेन यांनी १९४९ च्या सर्वेक्षणग्रंथात स्नायू, आंतरपटले व दंशपेशी यांच्या आधारे या गणाची सुसूत्र मांडणी केली. प्रस्तुत लेखात तिची चिकित्सा केली आहे.

सामर्थ्य व उणीव :
शरीराचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या अभ्यासकाला कार्लग्रेन यांची ओळखसारणी प्रजातीपर्यंत नेते. हे तिचे सामर्थ्य होय. मात्र वरच्या पातळीवरील काही गट अवयवाच्या असण्यावर नव्हे, तर नसण्यावर उभे आहेत. ‘अथेनारिया’ हे त्याचे ठळक उदाहरण. आधारस्नायू नसलेली, बहुधा वाळूत वा चिखलात पुरून राहणारी कृमीसदृश समुद्रपुष्पे त्यात एकत्र आणली गेली. परंतु समान अभावावरून समान पूर्वज सिद्ध होत नाही. एकच अवयव निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे लोप पावू शकतो.

रेणवीय पुरावा :
एस्तेफानिया रोद्रिगेझ व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील डीएनए-आधारित अभ्यासात अथेनारिया विखुरला. एडवर्ड्सिइडी कुल एका उपगणात गेले, तर हॅलोक्लावा व हॅलकॅम्पा या प्रजाती दुसऱ्या उपगणातील दोन भिन्न शाखांत गेल्या. याउलट अकॉन्शिया, म्हणजे दंशपेशींनी भरलेले आंतरिक धागे असलेली समुद्रपुष्पे एकाच शाखेत आली. त्या शाखेत हे धागे नसलेलीही काही आढळली. असण्याची साक्ष टिकली, नसण्याची टिकली नाही.

हा वाद केवळ नावांचा नाही. एडवर्ड्सिइडी कुलातील नेमॅटोस्टेलाचा जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला असून प्राण्यांच्या उत्क्रांतीविषयीच्या अभ्यासात तिचा मोठा आधार घेतला जातो. तिची साधी शरीररचना आद्य की उत्तरकालीन, या प्रश्नाचे उत्तर वंशवृक्षातील तिच्या स्थानाशी निगडित आहे.

निष्कर्ष :
ओळखसारणी म्हणजे वंशावळ नव्हे. कार्लग्रेन यांचा ग्रंथ वंशावळ म्हणून वाचणे चुकीचे, तसेच तो कालबाह्य म्हणून बाजूला सारणेही चुकीचे ठरेल. डीएनएचा क्रम नात्याची दिशा दाखवितो. परंतु त्या क्रमाला जातीचे नाव जोडण्यासाठी नमुना आधी शरीररचनेवरून ओळखावा लागतो. म्हणूनच छेद घेण्याचे व सूक्ष्मदर्शकाचे कौशल्य जपणे ही या शाखेची आजची खरी गरज आहे.